प्लॅटिपसच्या बिळातला बाप

दाजी सुताराचा लीव्हचा फॉर्म भरायचा मी, आणि रद्द करायचाही मीच. बहरीनमध्ये तुबलीतल्या सुतारकामाच्या वर्कशॉपच्या ऑफिसात मी क्लार्क, दापोलीचा रहिमतुल्ला, दाजी कुडाळकडचा. १९७८ साली तो बहरीनला आला तेव्हा बायको पोटुशी होती. ऐंशी साली त्याला रजा मिळाली, तर फोरमन म्हणाला दरवाजे अर्धवट राहतील. दाजी थांबला. ब्याऐंशी साली त्याच्या खोलीतल्या विठ्ठलच्या बहिणीचं लग्न निघालं, याने आपली पाळी त्याला देऊन टाकली. मुलगा सहा वर्षांचा होत आला तरी बापाने त्याला फोटोतच पाहिलेला. मी बोललो की हा नुसता हसायचा. अशा माणसावर ओरडून आपलाच घसा बसतो.

चौऱ्याऐंशी साली रजेचा फॉर्म तिसऱ्यांदा भरला, आणि त्याच महिन्यात माझी मुनीरा ईसा टाउनच्या शाळेतून नवीन डोकेदुखी घेऊन आली. प्रदर्शनासाठी प्रत्येक मुलाने एका प्राण्याचं घर करायचं होतं. कोणाला मुंगी मिळाली, कोणाला सुगरण. आमच्या नशिबी प्लॅटिपस. ऑस्ट्रेलियातल्या ओढ्यांकाठी राहणारं हे जनावर अंडी घालतं आणि पिल्लांना दूधही पाजतं. चोच बदकाची, अंग पाणमांजराचं. चित्र पाहून माझी बायको हुस्ना म्हणाली, असलं काही नसतंच, शाळेने चेष्टा केली असेल. मला खिळा धड ठोकता येत नाही, म्हणून मी दाजीला सांगितलं. त्याने अर्थातच नाही म्हटलं नाही.

शुक्रवारी तो झिंजच्या आमच्या घरी मॉडेल घेऊन आला. प्लायवूडचा काठ, झाडाची मुळं, पाण्याजवळ उघडणारं बीळ, सगळं सुरेख. फक्त चिखल तुबलीच्या खाडीतला होता, त्याच्या वासाने हुस्नाने पदर नाकाला लावला. आणि आत बघतो तर आठ लाकडी प्लॅटिपस ओळीने निजलेले. मी कपाळावर हात मारला. दाजीचं म्हणणं, आमच्या एका खोलीत आठ जण निजतो, ही तर एवढीशी जनावरं.

मुनीराने पुस्तक उघडून दाखवलं. प्लॅटिपस कळपात राहत नाही, ज्याचं बीळ त्याला. अंडी घालायच्या वेळी मादी लांब बीळ खणते, ओली पानं आत नेऊन अंथरते आणि मातीचा बोळा लावून वाट बंद करते. तीन-चार महिने पिल्लं आतच असतात.

पुढच्या शुक्रवारी दाजीने दुरुस्त करून आणलेल्या बिळात मादी होती, दोन पिल्लं होती, आणि दाराशी आणखी एक.

"हो कोण?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"बापूस," दाजी म्हणाला.

"नो, अंकल," मुनीरा म्हणाली. "ही लिव्ज अलोन."

मग तो करतो काय, असं दाजीने विचारलं. मी वाचून सांगितलं: पोहतो, तळातले किडे खातो, दुसऱ्या नरांशी भांडतो, मागच्या पायात विषारी नखी असते. पिल्लांचं सगळं आईच बघते. दाजी रागाने लाल झाला. सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच रागावलेला पाहिला.

"माका पटना नाय. पुस्तकात चूक आसतली."

माझा तोल गेला. "दाजी, ते जनावर आहे, त्याचा जन्मच तसा. तुझं काय?"

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. दाजीने नर उचलून शर्टाच्या खिशात टाकला, बोटाने चिखल घेतला आणि बिळाची वाट बुजवली. चहा न घेता गेला.

मॉडेलला शाळेत शाबासकी मिळाली. दाजीचं विमान बुधवारी होतं. रविवारी सकाळी तो माझ्या टेबलासमोर हजर. फोरमनला नव्या बंगल्याची कपाटं घाईने हवी होती. रजा रद्द करायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रद्दचे फॉर्म खलास," मी म्हणालो.

गठ्ठा माझ्या कोपराखालीच होता, आणि दाजीला तो चांगला दिसत होता. त्याचा हात खिशाकडे गेला, आतला लाकडी नर त्याने चाचपला.

"मगे जावचाच लागतला," तो म्हणाला, आणि गेला.

फोरमन माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. महिन्याने दाजीचं पत्र आलं. "मुलगा आधी मला काका म्हणे. परवापासून बाबा म्हणतो. ते जनावर उशाशी घेऊन निजतो आणि हात लावू देत नाही. एक महिना रजा वाढवून पाहिजे. फॉर्म तुम्हीच भरा."

म्हणजे पुन्हा मीच. फोरमनच्या शिव्याही मीच खायच्या. वैताग आहे नुसता. मी टाइपरायटरला कागद लावला, आणि एका महिन्याच्या जागी दोन टाइप केले.