बिशप ग्रिंडल मागणी घालायला जातात

इंग्लंडात असताना अल्फियस ग्रिंडल टोप्या बनवायचा. शेतीशी त्याचा संबंध ताटातल्या बटाट्यापुरता. गावात मॉर्मन या नव्या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक आले, त्यांचं बोलणं मनाला भिडलं, आणि या गड्याने नदीत बाप्तिस्मा घेऊन दुकान विकलं नि जहाज गाठलं. पुढे अमेरिकेची मैदानं ओलांडताना गाडीचे बैल त्याला जुमानेनात. तांड्यातली थर्झा नावाची मुलगी पुढे आली, बैलांना तिने चार शब्द सुनावले आणि ते मुकाट चालू लागले. मॉर्मनांचा युटा प्रदेश येईपर्यंत अल्फियसही तिच्याच शब्दाने चालू लागला होता. पोचल्यावर दोघांचं लग्न झालं.

पंथाच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना दक्षिणेच्या लाल खडकांत नवं गाव वसवायला धाडलं. विलो बेंड. तिथली नदी भारी द्वाड. लोकांनी बांध घालायचा आणि वसंतात बर्फ वितळलं की तिने तो घेऊन जायचं. पहिला बिशप, म्हणजे पंथाचा गावप्रमुख, कंटाळून उत्तरेला परतला, आणि ते लोढणं अल्फियसच्या गळ्यात आलं. त्याला प्रवचन जमत नसे. रविवारी उभा राहायचा, "बंधूभगिनींनो, उद्या फावडी घेऊन बांधावर या," म्हणायचा आणि खाली बसायचा. लोक खूश. पाण्याच्या पाळीवरून कुणी भांडले तर त्या दोघांना तो एकाच पाटात खणायला लावी. दुपारपर्यंत दोघं मिळून बिशपलाच शिव्या घालू लागत, आणि भांडण मिटे.

एका सुगीनंतर पंथाच्या मुख्य ठाण्याहून, सॉल्ट लेकहून, बंधू पार्मली गावोगावची पाहणी करत आले. चहा पंथाला वर्ज्य, म्हणून थर्झाने चहाची किटली पिठाच्या पिंपामागे सरकवली आणि पाहुण्यापुढे ताक ठेवलं.

"बंधू ग्रिंडल," पार्मली म्हणाले, "बिशपनं लोकांना उदाहरण घालून द्यायला हवं. दुसऱ्या पत्नीचं मनावर घ्या आता." त्या काळी पंथात एकीहून अधिक बायका करणं पुण्याचं मानत.

अल्फियसला मक्याच्या भाकरीचा ठसका लागला. "मी एकीच्याच कसोटीला अजून पुरता उतरलो नाही, बंधू."

त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. आता ही घर डोक्यावर घेईल आणि आपण सुटू, असं त्याला वाटलं. पण थर्झा शांतपणे म्हणाली, "माझी हरकत नाही. बाई मात्र मी निवडणार. ती डॅनिश विधवा आहे ना, बोडिल क्रोग, ती चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्फियस स्वच्छ सदरा घालून निघाला. बोडिल गोठ्यात दूध काढत होती.

"भगिनी बोडिल, मी मागणी घालायला आलोय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

बोडिलने हात थांबवले, त्याच्याकडे पाहिलं आणि गाईला डोकं टेकून हसत सुटली. "बिशप, तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुम्हाला सांभाळताना थर्झाचा जीव किती मेटाकुटीला येतो ते मी बघते. तिला मदत हवी तर कपडे धुवायला येईन. नवरा म्हणून तुम्ही नकोत. शिवाय मी ओबेड लोहाराला शब्द दिलाय. तुम्हाला सांगायला तो घाबरतोय. आलाच आहात तर आमची तारीख ठरवून टाका."

अल्फियसने तिचे हात इतक्या आनंदाने हलवले की दुधाची बादली कलंडली.

तो घरी आला तेव्हा थर्झा मोजा रफू करत होती. सकाळी घेतलेला तोच मोजा.

"नाही म्हणाली," अल्फियस म्हणाला.

"वाटलंच होतं." तिने सुई खाली ठेवली. "मी नाही म्हटलं असतं तर माझी श्रद्धा कच्ची ठरली असती. तू म्हटलं असतंस तर बिशप कच्चा. नाही म्हणायला तिसरीच कुणी हवी होती."

"आणि हो म्हणाली असती तर?"

थर्झाने तो अर्धवट मोजा उचलून दाखवला. "त्याचाच विचार करत बसले होते," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. अल्फियसने पिंपामागून किटली काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा केला. तो अगदीच वाईट झाला होता. तिने सगळा प्यायला.

बोडिलच्या लग्नात बिशप चक्क पाव तास बोलला. पुढच्या वर्षी पार्मलींनी विचारलं तेव्हा त्याने पडेल चेहऱ्याने सांगितलं, "मागणी घातली होती, बंधू. नकार आला. पुन्हा तोंड दाखवायचा धीर होत नाही." बाईने नाकारलेल्या माणसापुढे पार्मली तरी काय बोलणार?

त्या हिवाळ्यात ओबेडने बांधासाठी लोखंडी पट्ट्या ठोकून दिल्या आणि लोकांनी त्या पट्ट्यांनी बांधाचे ओंडके आवळले. वसंतात पाण्याचा लोंढा आला. सारं गाव काठावर उभं. बांध करकरला, थरथरला, पण हलला नाही. पाणी पाटांत वळलं. आभाराची प्रार्थना बिशपने म्हणायची असते. अल्फियसने टोपी काढली, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. शेवटी थर्झानेच प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं, आणि जो तो आपापल्या शेताकडे पळाला.