आठव्या मजल्यावरचा पेशंट

नवऱ्याला सिरुसेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून चेन्नईला आलो. एमबीबीएस झाल्यावर मी तिकडे एका नर्सिंग होममध्ये काम करत होते. इथे भाषा येत नव्हती, ओळखी नव्हत्या. फॅमिली मेडिसिनच्या एका प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला तेव्हा, खरं सांगायचं तर, दिवसभर घरात बसावं लागणार नाही याचाच आनंद जास्त झाला होता.

प्रशिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर होता. शहराच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या झोपड्या हटवून माणसं नेऊन ठेवलेली एक वसाहत आहे. एकसारख्या आठ मजली इमारती, मध्ये पाणी साचलेलं मैदान, आणि एका तळमजल्यावर आमचा दवाखाना. आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो, तिथे बरीच वर्षं काम करत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की दवाखान्यात येऊ शकणारे पेशंट त्यातल्या त्यात बरे असतात. येऊ न शकणारे शोधा.

असा एक माणूस आठव्या मजल्यावर होता. अण्णा नगरमध्ये इमारती रंगवायचं काम करताना परांची तुटून तो पडला होता, आणि कमरेखालचं अंग गेलं होतं. पूर्वी तो आणि त्याची बायको नुंगंबाक्कमच्या मागे, नदीला लागून असलेल्या झोपडीत राहत. ती तिथल्या घरांतून स्वयंपाक करायची. मग त्यांना इथे आणलं आणि वरचा मजला दिला. जुन्या कामावर जायला दोन बस बदलाव्या लागत, तोवर नवऱ्याकडे बघणार कोण, म्हणून तिचं काम सुटलं. घरीच लसूण सोलून ती हॉटेलांना द्यायची. इमारतीची लिफ्ट तेव्हा बंद होती, आणि लोकांच्या बोलण्यावरून ती चालू असल्याचं कुणाला नीट आठवतही नव्हतं.

पडून राहून त्याच्या पाठीला झालेल्या जखमेसाठी मी दर आठवड्याला जायचे. माझं तमिळ मोडकं होतं, त्यामुळे तो सावकाश बोलायचा, चुकलं तर हसून दुरुस्त करायचा. कोणती इमारत आपण कोणत्या रंगात रंगवली ते सांगायला त्याला आवडायचं. बायको मला डॉक्टरम्मा म्हणायची. बसायला चटई टाकायची आणि स्वतः दाराशी उभी राहायची. जखमेची तिला कधी घाण वाटली नाही. तो इतका स्वच्छ असायचा, की ते सगळं ती एकटी कसं करते याचं मला नवल वाटायचं.

त्या सुमारास युगांडाहून एक डॉक्टर आमच्याकडे शिकायला आणि शिकवायला आले होते. त्यांच्या देशात ते खेड्यापाड्यांत काम करत. ते माझ्याबरोबर वर आले, आणि जखम बघून झाल्यावर मला हळूच म्हणाले, की ही बाई वाक्य पूर्ण करताना श्वास घ्यायला मध्ये थांबते. माझ्याही ते लक्षात आलं होतं. आदल्या वेळी विचारलं तर जिना चढून दम लागलाय, असं तिने सांगितलं होतं. या वेळी मी तिला खाली बसवलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावला. झडपेतून रक्त अडखळत जाताना होतो तो घरघरता आवाज स्पष्ट ऐकू आला. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कारण त्यानेच पुढे झडप खराब होते, असं विचारल्यावर ती म्हणाली, आला होता, शाळा त्यातच सुटली.

सरकारी इस्पितळात तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप फारच आकसली होती. फुग्याने ती उघडायची, मांडीतून नळी घालून, छाती न कापता. उपचार मोफत होता, पण नंबर लागायला वेळ होता. तोवर गोळ्या, मीठ कमी, आणि जड काही उचलायचं नाही.

पाणी मात्र लॉरीने खाली यायचं. प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, भरून वर न्यायचे. मी शेजारणींशी बोलले, मॅडम स्वतः दारोदार फिरल्या. समोरच्या घरातली एक विधवा बाई म्हणाली, तिचं पाणी मी आणीन, आणि ती इस्पितळात गेली की त्याचंही बघीन. तिने शब्द पाळला. पण ज्या दिवशी ही शेजारीण एका लग्नाला गावी गेली, त्या दिवशीही लॉरी आलीच.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोला झडपेच्या उपचारासाठी भरती व्हायचं होतं. लॉरी आली त्या दुपारी एक मुलगी दवाखान्यात धावत आली. आम्ही ऑक्सिजनचं सिलिंडर आणि इंजेक्शनची पेटी घेऊन धावलो. पाचव्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली होती, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. कुडम आडवा पडून पाणी पायऱ्यांवरून खाली वाहत होतं. युगांडाचे डॉक्टर भिंतीला टेकून बसले आणि तिला आपल्या छातीशी टेकवून सरळ धरून ठेवलं, कारण आडवं केलं की ती गुदमरत होती. मी शिरेत इंजेक्शन दिलं, मास्क लावला. तिने माझं मनगट धरलं होतं. "त्यांना जेवायला दिलं नाही अजून," ती म्हणाली. रुग्णवाहिका खाली आली तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. आम्ही छाती दाबत राहिलो. शेवटी मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याला सांगायला वर मीच गेले. वाईट बातमी कशी सांगायची याचा आमचा पाठ झाला होता: बसून बोला, सोपे शब्द वापरा, गप्प राहायला घाबरू नका. मी बसले. बोलण्याआधीच त्याने ओळखलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

संध्याकाळी इमारतीतल्या माणसांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीला लुंगीने बांधून खाली आणलं. प्रत्येक मजल्यावर माणसं बदलत होती. या वसाहतीत आल्यापासून तो पहिल्यांदाच जमिनीवर येत होता. खाली बाकावर तिला ठेवलं होतं, हळद लावून, फुलं घालून. तो हात पोचत नाही म्हणून वाकायला लागला, तर खुर्चीच कलंडू लागली. मग चौघांनी खुर्ची उचलून तिच्याजवळ नेली.

पुढच्या आठवड्यात मला ही केस वर्गात मांडावी लागली. मी झडप, फुप्फुसात साठलेलं पाणी, दिलेली औषधं असं सगळं सांगितलं. उपचारात चूक नव्हती, असं मॅडम म्हणाल्या. युगांडाचे डॉक्टर म्हणाले, की आमच्याकडे बायका अशा डोंगर चढताना मरतात. इतकंच. लिफ्टसाठी आम्ही सगळ्यांनी सही करून अर्ज दिला. काही महिन्यांनी ती दुरुस्त झाली आणि पावसाळ्यात पुन्हा बंद पडली.

त्याला मेहुणी विळुप्पुरमजवळच्या गावी घेऊन गेली. एकदा त्याचा फोन आला. जखमेबद्दल बोलून झाल्यावर त्याने विचारलं, की एक दिवस आधी भरती झाली असती तर ती वाचली असती का. मला खोटं सांगता आलं असतं.

"बहुतेक वाचली असती," मी म्हणाले.



"इथे सगळे म्हणतात, तिचं आयुष्यच तेवढं होतं," तो म्हणाला. "तुम्ही तसं म्हणाला नाहीत, बरं झालं."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला, तर नंबर बंद होता.