मळकी चिंबोरी

चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, रश्शाचा वास आला की मला माझं लग्न आठवतं, कारण ते जमलं चिंबोरीमुळेच. आणीबाणी उठली त्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, होणाऱ्या सासूबाई मला पाचूबंदरच्या मासळीबाजारात घेऊन गेल्या. "भरलेली चिंबोरी निवडून दाखव. पोकळ निघाली तर सोयरीक मोडली!" त्यांनी भर बाजारात जाहीर केलं. स्वतः त्यांनी परातीएवढी, आरशासारखी चकचकीत उचलली. मी कोपऱ्यातली मुठीएवढी, काळपट, शेवाळलेली धरली. "हिच्यात मांजराचं तरी पोट भरेल का?" सासूबाई हसल्या. कोळीण मात्र दचकली. "ती नको गो बाय, ती कोनाला इकत नाय, घरला ठेवलीय!" मग तर मी सोडतेय होय! चकचकीत चिंबोरी नुकतीच कात टाकलेली, अंगात नुसतं पाणी. मळकीने पावसाळाभर खाऊन चरबी साठवलेली असते. घरी उकडून सासूबाईंनी आपली फोडली, तर पाटावर पाण्याचं तळं झालं. माझी फोडली आणि केशरी लाखेचा, त्या साठलेल्या चरबीचा, असा लोंढा आला की पार विरारपासूनची मांजरं दारात जमली. सासूबाईंनी बोट चाटलं, डोळे मिटले आणि मुलाला हाक मारली, "अरे, लग्नाची तारीख धर रे!" आता सासू मी आहे. सुनेची परीक्षा घेत नाही; चिंबोऱ्या मीच आणते, आणि सगळ्यात भरलेली माझ्याच ताटात पडते.