आमची आरोळी : "हाललं का?"

आमची कॉलेजची जुनी कबड्डीची टीम भेटली की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरी सुरू होते. परवा पाटसला एका लग्नात जमलो, तर अक्षता कधी पडल्या तेच कळलं नाही! विषय एकच, आमची आरोळी.

*

ती जन्मली चिखलात. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी दौंडहून शिरूरला निघालो होतो. वडगाव रासाईजवळ टेम्पो रुतला. मॅच हुकणार म्हणून सगळ्या रडकुंडीला! आम्ही मागून ढकलतोय आणि ड्रायव्हरमामा आतून ओरडतायत, "हाललं का?"

"न्हाई!"

"मग लावा जोर!"

शेवटी आमची रेडर रूपाली वैतागली. "मामा, तुम्हीच आत बसलाय. तुम्हाला कळंना व्हय?"

"कळतंय की! पण वरडल्याबिगर तुमचा जोर लागंना!"

टेम्पो निघाला. मॅचही मिळाली. हरायला आलो तेव्हा बेंचवरून कुणीतरी तेच ओरडलं आणि आम्ही जिंकलो.

*

पुढच्या मॅचला आम्ही जरा जास्तच जोशात. रूपाली रेडला गेलेली, तोंडात "कबड्डी, कबड्डी" चाललेलं. आम्ही बेंचवरून, "हाललं का?"

रूपाली तिथूनच, "न्हाई!"

दम तुटला, आऊट!

आमचे कोच, कदम सर, यांनी डोक्याला हात लावला. तेव्हापासून नियम झाला, आपली पोरगी रेडला गेली की बेंचनं तोंड मिटायचं. कॉलेजच्या आजच्या पोरीही तो पाळतात. का, ते त्यांना ठाऊक नाही!

*

पुढं रूपाली विद्यापीठाच्या टीममध्ये गेली. तिथल्या मुलींना आरोळी आवडली, पण त्यांनी ती शुद्ध केली. "हलले का?" "नाही!"

रूपाली म्हणाली, "बायांनो, आसं म्हणलं तर टेम्पो ऱ्हाऊद्या, खुर्चीबी हालायची न्हाई!"

आता सगळ्या आमच्यासारखंच ओरडतात.

*

एकदा मात्र आवाजच बसला होता आमचा. सेमीफायनलला आमची मनीषा मानेवर पडली. हात उचलेना. तिला शिरूरच्या दवाखान्यात नेलं. कासुर्डीहून तिची आई आली, ती दाराकडं बघत बसली. कदम सर नुसते येरझाऱ्या घालत होते.

डॉक्टर बाहेर आले. "मानेला काही नाही. मुका मार आहे. हात हलवतेय आता."

आई रडता रडता हसायला लागली. आम्हाला काय झालं कोण जाणे, दवाखान्यात आहोत हेच विसरलो. सगळ्या एकदम ओरडलो, "हाललं का?"

शेजारच्या वॉर्डातून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "पोरींनो, माझी खाट हालली की!"

आम्ही जीभ चावली. नर्स धावत आली. तिच्यामागून एक बाई आली, डोळ्याला पदर लावलेली. आम्ही माफी मागायला तोंड उघडणार, तोच तिनं माझा हात धरला.

"आणखी एकदा म्हणा गं! आपरेशन झाल्यापासनं आमचं आबा आत्ता पैल्यांदा बोललं!"