पन्हळीच्या आतल्या बाजूला

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बाबांपाशी तर नाहीच. दोनदा लिहायला बसले आणि दुसरंच काहीतरी लिहून उठले. आज तरी सरळ लिहिता येईल का? बघते.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहाच्या जेवणावर यवतमाळला इतिहासात एम.ए. केलं, आणि दारव्ह्याला एका जुन्या बंगल्यात उभ्या राहिलेल्या संग्रहालयात नोकरी लागली. गावातले लोक त्याला अजूनही ‘जिनवाल्याचा बंगला’ म्हणतात. शेजारी कापसाचं जिन होतं, सरकी काढायचा कारखाना; त्याच्या मालकाचं हे घर. वारसांनी ते एका संस्थेला देऊन टाकलं. आमच्या प्रमुख मॅडमनी मला मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता — तुला या घरात काय बघायला आवडेल? मी म्हटलं, स्वयंपाकघर. त्या हसल्या आणि मला घेतलं. त्यांनी मला खूप शिकवलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे त्यांच्यावर काही ढकलायला मला जागा उरणार नाही.

महिन्यातून दोन रविवारी आमच्याकडे ‘जिवंत घर’ असतं. म्हणजे संग्रहालयातली माणसं त्या काळातली होतात. एकजण दिवाणजी होतो, एकजण आचारी. मुलांना जात्यावर ज्वारी दळायला मिळते, हाताने सरकी काढायला मिळते. आणि मी मालकीणबाई — नऊवारी लुगडं, नथ, कपाळावर मोठं कुंकू. आमचा एक नियम आहे. वेश अंगावर असेपर्यंत भूमिका सोडायची नाही. कुणी काही विचारलं तर त्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं, ‘त्या काळी असं असायचं’ असं म्हणायचं नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत एक पन्हळ आहे. पितळी, हातभर लांब. आतून पाणी ओतलं की बाहेर अंगणात पडतं. भिंत जाड आहे. आतल्याला बाहेरच्याचं तोंड दिसत नाही, भोकातून फक्त पडतं पाणी दिसतं आणि त्याखाली आलेले हात.

ती पन्हळ कशाला होती, हे मला माहीत होतं. नोकरी लागली त्याच उन्हाळ्यात मोठ्या आत्याने सांगितलं होतं. बाबांची थोरली बहीण. धम्मदीक्षेच्या आधीचे दिवस, आमचे लोक तेव्हा दारव्ह्यात राहायचे, आणि माझी आजी त्याच जिनात कापसातला काडीकचरा निवडायला जायची. आत्या सात-आठ वर्षांची, आईबरोबर जायची. आमच्या बायांना पाणी त्या पन्हळीतूनच. भांड्याला हात लागू नये, दारात सावली पडू नये, म्हणून. आतून कुणीतरी ओतायचं, बाहेर ओंजळ धरायची.

एकदा आत्याने ओंजळ न धरता सरळ पन्हळीलाच तोंड लावलं. लहान होती, तहानलेली होती. आतून आरडाओरडा झाला. गडी राख घेऊन आला, पन्हळ घासली, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणालाच पाणी मिळालं नाही. वैशाखाचे दिवस. सगळ्या बाया माझ्या आजीला बोलल्या, तुझ्या पोरीपायी आमचे घसे सुकले म्हणून.

शेंगा सोलता सोलता आत्या हे सांगत होती, आणि हसत होती. “तवापासून पाह्य, मले गावाले गेलं का तहानच नाई लागत,” म्हणाली. “तुया बापाले वाटते, मी येष्टीत पान्याचे पैसे वाचोते.”

मीही हसले होते. मग घरी येऊन रडले होते. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही.

मग मी काय केलं? पहिल्याच ‘जिवंत घर’च्या दिवशी, शाळेची मुलं अंगणात उभी असताना, एका मुलीने विचारलं, मालकीणबाई, ही नळी कशाला? मी लुगड्यात होते. नथ टोचत होती. समोर चाळीसेक मुलं, त्यांचे गुरुजी, संस्थेचे दोन विश्वस्त. आणि मी म्हटलं — किती सहज म्हटलं — “अगं, बाहेर उन्हात माणसं राबतात. त्यांना तहान लागली की घरात येईपर्यंत थांबावं लागू नये, म्हणून मीच बसवून घेतली.”

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी. मग मी हंडा उचलला आणि म्हटलं, या, प्या पोटभर. मुलांनी रांग लावली. भोकातून ओल्या, गोऱ्या-काळ्या, मेंदी लावलेल्या ओंजळी दिसत होत्या आणि बाहेर हसू.

भूमिका सोडायची नाही, हा नियम होता ना? मी बराच काळ स्वतःला हेच सांगितलं. पण मालकीणबाईच्या तोंडून खरं सांगता आलं नसतं का? ‘त्या बायांनी भांड्याला शिवू नये म्हणून’ — एवढंच तर म्हणायचं होतं. भूमिका अजिबात मोडली नसती. उलट खरी झाली असती.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, हे कुठून मिळालं तुला? मला शंका येते, म्हणाल्या, अशा पन्हळी दुसऱ्याच कारणासाठी असायच्या. तुझी आत्या लहानपणी इथे यायची म्हणालीस ना? विचार तिला. आणि जे असेल ते लिही, विश्वस्तांचं मी बघते.

दार एवढं उघडं होतं. आणि मी म्हटलं — “विचारलं मॅडम. तिला काही आठवत नाही. वय झालंय.”

हीच ती गोष्ट. मुलांपुढे बोलले ते एक वेळ गडबडीत झालं म्हणता येईल. हे गडबडीत झालं नाही. मॅडमनी मान हलवली आणि पन्हळीशेजारच्या फलकावर, मी सांगितलं ते लिहून शेवटी ‘असे सांगितले जाते’ एवढं जोडायला लावलं. कोण सांगतं? मीच.

का केलं? भीती होती का? नोकरीची नव्हती. माझी जात तिथे सगळ्यांना माहीत होती, कुणी कधी वावगं बोललं नव्हतं. पण खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — तुमच्यापैकी कुणी इथे प्यायलंय का? आणि मग त्या नऊवारीत उभ्या असलेल्या माझ्याकडे लोकांनी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. मला ती नजर नको होती. आणखी एक आहे, ते लिहायला हात जड होतो. त्या लुगड्यात मला बरं वाटायचं. हंडा उचलून पाणी ओतताना बरं वाटायचं. आतल्या बाजूला उभं राहायला बरं वाटायचं.

पुढे वर्ष-दीड वर्ष हे चाललं. पन्हळीचं पाणी हा आमच्याकडचा सगळ्यांत आवडता खेळ झाला. नेरहून, पुसदहून शाळा यायच्या. मग मॅडमनी जिनात राबलेल्यांच्या घरच्यांना बोलवायचं ठरवलं. बाबांचा नंबर माझ्याच अर्जावर होता. मॅडमनी परस्पर फोन केला, आणि बाबा आत्याला घेऊन हजर. मला बघून आत्या दारातच थबकली. “ओळखूच नाई आली व तू,” म्हणाली, “मले वाटलं कोन्या पाटलाची सून हाय.” बाबा हसले. त्यांना फार अभिमान वाटत होता. ते फोटो काढत फिरत होते.

मी तिला बाजूला घेऊन सांगू शकले असते. वेळ होता. मी पदर सावरला आणि आत गेले.

बाहेर रांग लागली. मी ओतत होते. एका मागून एक ओंजळी. आणि मग भोकाखाली दोन हात आले, मनगटावर हिरवं गोंदण, जुनं, पसरट झालेलं. मी ते हात जन्मापासून ओळखते. मी थांबले का? नाही. ओतत राहिले. पण त्या हातांची ओंजळ झाली नाही. तळवे उघडेच राहिले आणि पाणी त्यांवरून सांडत गेलं.

बाहेरचं बोलणं पन्हळीतून आत स्पष्ट ऐकू येतं. मॅडमनी तिला फलक वाचून दाखवला, सावकाश, मोठ्याने, जसं विसराळू माणसाशी बोलतात तसं. मग म्हणाल्या, “आत्याबाई, तुमची भाची म्हणाली, तुम्हाला लहानपणचं काही आठवत नाही. पण इथे उभं राहून बघा बरं. काही आठवतं?”

माझ्या हातात रिकामा हंडा होता. मी बाहेर गेले नाही. मी त्या भोकातून बोललेही नाही.

“नाई माय,” आत्या म्हणाली. “काई आठोत नाई.”

मॅडम म्हणाल्या, असू द्या, असू द्या. रांग पुढे सरकली. मी हंडा भरला.

त्या संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर गावी गेले. एसटीत बाबांना पुढे जागा मिळाली, मी आणि आत्या मागे. निम्म्या वाटेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी साध्या साडीत होते, नथ पर्समध्ये. मला वाटत होतं, आता विचारेल. काहून खोटं सांगतलं म्हणेल, मले येडी काहून केली म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच, पुढे बाबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, “तुयी नोकरी पक्की होईन ना व आता?”

मला तेव्हा समजलं की ती तिथे, त्या अंगणात उभी राहून, काय समजली होती. पोरीची नोकरी अडकली आहे. खरं बोललं तर जाईल. म्हणून ती सगळ्यांसमोर विसराळू म्हातारी झाली.

नोकरी पक्की होऊन तोवर सहा महिने झाले होते. पेढे मीच नेले होते, बाबांनी विहारात वाटले होते. ती तेव्हा मारेगावला लेकीकडे होती, तिला कुणी सांगायचं राहून गेलं होतं.

मी म्हटलं, “हाव आत्या. तुयामुळं झाली.”

तिने समाधानाने डोळे मिटले.