मुमताजचाचींचा मण्यांचा चहा

मुमताजचाची शिजणारा साबुदाणा कधी चाखून बघत नसत. चमच्यावर एक दाणा घेऊन उजेडाकडे धरायच्या आणि एक डोळा मिटून त्यात बघायच्या. मधे पांढरा ठिपका दिसला तर म्हणायच्या, "अजून जागा हाय. झोपू दे त्याला." ठिपका गेला की पातेलं तडक खाली. "दाना येळंवर उतरवावा, मास्तरीनबाई. उशीर केला की खळ हुती. मग बसा तिच्यात लुगडी बुडवत!"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी पौडच्या शाळेत नवी होते आणि माझी खोली चाचींच्या चहाच्या दुकानाला लागूनच होती. समोर महादेवाचं देऊळ. साबुदाणा गुळाच्या पाण्यात शिजवून तपकिरी करायचा, दुधाचा चहा वेगळा उकळायचा आणि निवल्यावरच दोन्ही एकत्र करायचं, नाहीतर गुळानं दूध फाटतं. पावसाळ्यात त्यात आलं, उन्हाळ्यात सब्जा आणि माठातला गारवा. गाव त्याला मण्यांचा चहा म्हणे. श्रावणी सोमवारी उपासकऱ्यांची दुकानापुढे रांग लागे. उपासाचं पातेलं चाची वेगळं ठेवत आणि गावाचा त्यावर विश्वास होता. दुकान चालायचं ते त्या विश्वासावरच.

एका वर्षी श्रावणातच रमजान आला. गावाचा उपास, चाचींचा रोजा. त्या सोमवारी दुपारी धनगरवाड्यावरची येसाबाई देवदर्शन करून आली, तिनं एक पेला घेतला आणि ओकून बाकावर आडवी झाली. तिचा मुलगा धोंडिबा देवळातून धावत आला. आईचे गार पडलेले हात बघून त्याचं डोकंच फिरलं.

"काय घातलंस ह्यात?"

"दूध, चहा, गूळ, साबुदाना. आनि काय घालनार?"

"मग पी. माझ्याम्होरं पी!"

एव्हाना माणसं जमली होती. "दुकानच उचला हिचं," असं मागून कुणीतरी म्हणालं.

चाचींचा आवाज मात्र चढला नाही. "माझा रोजा हाय, बाबा. दिस बुडला की पिते. ह्याच पातेल्यातलं."

"तवर वतून देशील!"

चाचींनी पातेलं उचललं आणि दुकानापुढच्या पत्र्याखाली, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. "बस हितंच. नजर काढू नगंस."

धोंडिबा खरंच बसला. बाकीचेही हलले नाहीत. गावातला डॉक्टर पुण्याला गेलेला. मी येसाबाईला खोलीवर नेऊन घोट घोट साखरपाणी पाजत होते आणि दारातून पुन्हा पुन्हा बाहेर बघत होते. पाऊस थांबेना, दुपार सरेना. चाची माणसांकडे बघतच नव्हत्या, त्यांचं लक्ष पातेल्यात. दाणे फुगून फुटायला लागले होते. "बघा की, कसं वाया चाललंय," एवढंच त्या मधून मधून पुटपुटत. जिवावर बेतलेलं असताना या बाईला साबुदाण्याची पडली होती! मला हसूही आलं आणि रडूही.

मशिदीतून बांग आली. चाचींनी पेला पातेल्यात बुडवून काढला. त्यात चहा उरलाच नव्हता, नुसती तपकिरी खळ. ती त्यांनी बोटानं निपटून शेवटपर्यंत संपवली.

तेवढ्यात येसाबाई माझा हात धरून बाहेर आली. "मुमताज, मला बी दे. माझा बी उपास सुटायचाय."

"आये, थांब!" धोंडिबा उठला.

"तू गप. कालपास्नं पान्याचा घोट न घेता रिकाम्या पोटी च्या प्याले, म्हनून फिरलं माझं पोट. अन् तू त्या उपाशी बाईला धरून बसलाईस व्हय?"

"खळ झालीया गं, येसा," चाची म्हणाल्या.

"आसू दे."

तिनंही पेला रिकामा केला. धोंडिबा पातेल्याकडे बघत तिथेच उभा राहिला.

चाची पुढे काही वर्षांनी थंडीत गेल्या. दुकान बंद झालं. त्यानंतरच्या श्रावणात, पहिल्या सोमवारी, मला पत्र्याखालून धूर दिसला. चाचींच्या लेकीकडून उपासाचं पातेलं मागून आणून धोंडिबानं चूल पेटवली होती. चमच्यावर दाणा धरून, एक डोळा मिटून तो बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग डोळे पुसून माझ्याकडे वळला.

"मास्तरीनबाई, खळ झाली."

मागे उपासकऱ्यांची रांग पेले पुढे करून उभी होती. कुणीही पेला मागे घेतला नाही.