दाबलेली ओळ

भावाला आईचं गाणं हवं होतं, आई नको होती. आई माझ्याकडे रानशेतला राहते. तो डहाणूला स्टेशनजवळ असतो, सरकारी नोकरीत आहे. मी लग्नातल्या डीजेंना नाचाची गाणी मिक्स करून देतो, त्याला तो चारचौघांत ‘धाकट्याची धडधड’ म्हणतो. त्याच्या मुलाची हळद ठरली तेव्हा मात्र त्याला धडधडच हवी होती. सायवनला चुलतबहिणीच्या हळदीत आई गायली होती, ते मी मोबाइलवर घेतलं होतं. त्याखाली ठोका घालून दे म्हणाला, मुलीकडच्यांना आपली परंपरा दिसेल. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला जो फिरकला नाही, तो मला परंपरा सांगत होता. मी तोंडावर नाही म्हणणार होतो, पण आईच म्हणाली की नातवाची हळद आहे, दे करून.

नाचाच्या ठोक्यावर साधा आवाज टिकत नाही, बुडून जातो. म्हणून कॉम्प्रेसर लावावा लागतो. आवाज ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की तो त्याला खाली दाबतो, आणि मग आपण सगळंच वर उचलायचं. त्यामुळे गाणं ठोक्यावर तरंगतं, पण मागचं बारीकसारीकही वर येतं. बांगड्या आल्या, कुणाचं खोकणं आलं. आणि दोन ओळींच्या मध्ये वहिनीचा आवाज आला. “म्हातारीला कुणीतरी आवरा, लोक हसतायत.”

माझं डोकं फिरलं. पुढची ओळ आईने एकदम जोरात घेतली होती. वयामुळे अंदाज चुकला असेल असं समजून मी ती आणखी दाबली, सगळं सपाट करून टाकलं. वहिनीचं वाक्य पुसायला मला काहीच लागलं नसतं. मी ते मुद्दाम ठेवलं. दोघांना समोर बसवून ऐकवायचं होतं.

रविवारी दोघं आले. आईने चहा ठेवला आणि ती दाराशी टेकून बसली. दाबणं-उचलणं तिला काय कळणार, अशी माझी समजूत होती. मी गाणं लावलं. भाऊ मान डोलावत होता, तोवर वहिनी स्पीकरमधून स्वच्छ बोलली. तिने लगेच मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, “ते तेवढं उडव.” कुणाचा आवाज आहे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मला त्याचा इतका संताप आला की गाणं बंद करायचंही सुचलं नाही.

मग आईकडे लक्ष गेलं. त्यांना झोंबावं म्हणून ठेवलेलं मी तिच्या कानावर घातलं होतं. मी माउसकडे हात नेला, तर तिने थांबवलं. मागे घेऊन पुन्हा लाव म्हणाली. मी लावलं. वहिनीचं वाक्य येऊन गेलं, पुढची ओळ संपली, तरी आई स्पीकरकडेच बघत होती.

“ती बोलली ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर पुढचं मी वर घेतलं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. तू तिला उचललंस, आणि मला दाबलंस.”